दारेसलामचं घर आणि आमचं आगर

रत्नागिरीच्या उत्तरेला, आरे-वारेच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी होती. घर वर कातळाच्या उतारावर आणि खाली पाण्याच्या अंगाला आमचं आगर. माड, पोफळी, मधूनमधून केळी, एका बाजूला बाव आणि बावीवर रहाट. भोवती चिऱ्यांचा गडगा आणि आत जायला बेडं, म्हणजे आडवे बांबू सरकवून केलेलं फाटक. रहाट फिरायला लागला की त्याची करकर वर घरापर्यंत ऐकू यायची आणि त्या आवाजावर आम्हांला दिवस किती चढला ते कळायचं.

घरात आई, मी, आईच्या अंगावर पिणारा धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि फार लवकर कपाळ पुसून माहेरी आली, ती कायमची. आगर तिनेच राखलं होतं. कोणत्या माडाला पाणी कमी पडतं, कुठल्या पोफळीची सुपारी किडते, सगळं ती चालता चालता सांगायची.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, घरी नसायचेच. ते सुतार. मुंबईच्या गोदीत मचव्यांची कामं शिकले आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने आफ्रिकेला, दारेसलामच्या बंदरात कामाला लागले. वाडीतल्या बाकीच्या घरांतले पुरुष मुंबईला, आमचे तेवढे समुद्रापलीकडे. काही वर्षांनी एकदा यायचे. त्यांच्या ट्रंकेला लवंगांचा वास असायचा आणि तो वास जाईपर्यंत ते पुन्हा निघालेले असायचे.

पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हाच्या खेपेला आबा आले ते एका घराचंच बोलत आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि पडवीच्या सारवलेल्या भुईवर त्या घराचा आराखडा काढला. हा पुढचा व्हरांडा, ही बैठकीची खोली, ह्या निजायच्या, हे मागचं अंगण. आई कडेवर भावाला घेऊन बघत होती. मी त्या रेघांच्या आत उभी राहून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते. आबा हसून म्हणाले की तिथून नको, तिथे भिंत आहे, दारातून जा.

ते शहर आधी जर्मनांचं होतं, आबांनी सांगितलं. लढाई हरल्यावर इंग्रज सरकारने त्यांना बोटीत घालून त्यांच्या मुलखात धाडलं आणि त्यांची घरं ताब्यात घेऊन लिलावात काढली. घरं पुष्कळ, घेणारे थोडे. बंदरात माल नाही, व्यापारी हात आखडून बसलेले. रस्तेच्या रस्ते बंद खिडक्यांचे आणि व्हरांड्यांत गवत. एरवी ज्या बंगल्याच्या फाटकातून आत पाऊल टाकायची आपल्यासारख्याची छाती झाली नसती, तो आता मासळीच्या भावाने मिळत होता. अशी वेळ पुन्हा यायची नाही. आज घ्यावं, बंदर पुन्हा चालू लागलं की अर्धं घर भाड्याने द्यावं आणि म्हातारपणी बसून खावं.

आत्या उंबऱ्याशी सुपारी फोडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "ते लोक गेले, की घालवले?"

"घालवले," आबा म्हणाले. "लढाई हरले ना."

"मग घर त्यांचंच की रे."

"सरकारी कागद होतो, अक्का. कागद झाला की आपलं."

सकाळी आत्याने पडवी सारवली तेव्हा ते कोळशाचं घर शेणाखाली गेलं. आबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं.

घरासाठी आगर विकावं लागलं. घेणारा पलीकडच्या वाडीतला, मुंबईला गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम होता. आबांना बोट गाठायची घाई होती, त्याला कसलीच नव्हती. तो यायचा, माडांकडे बघायचा, पान खायचा आणि विचार करून सांगतो म्हणून जायचा. शेवटी आगर पडत्या भावाने गेलं. सही करून आबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा खुललेला होता, हे मला स्पष्ट आठवतं. त्यांच्या मनात तेव्हा फक्त तो व्हरांडा होता. आत्या त्या दिवसापासून पुन्हा कधी खाली उतरली नाही. समुद्रावर जायचं झालं तरी लांबच्या वाटेने कातळावरून जायची.

आई आणि भाऊ आबांबरोबर गेले. मला ठेवलं. आत्या एकटी पडली असती, आणि तिथली हवा कशी मानवते ते बघून पुढच्या वर्षी मला नेऊ असं आबा म्हणाले. बंदरावर पडावात बसून ते लांब उभ्या असलेल्या आगबोटीकडे निघाले. आईने भावाचा हात धरून तो माझ्याकडे हलवला. तिला स्वतःला हात हलवायचं सुचलं नाही.

पुढच्या वर्षी मला न्यायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी आईच परत आली, मुंबईपर्यंत एका ओळखीच्या कुटुंबाच्या सोबतीने आणि तिथून गावच्या माणसाबरोबर. भाऊ चालत होता. त्याला पाणी हवं असलं की तिकडच्या बोलीत "माजी, माजी" म्हणायचा आणि आम्हांला कळलं नाही की रडायचा. आई इतकी वाळली होती की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आत्याने तिच्या डोक्यावरून तांदूळ ओवाळून टाकले आणि काही न विचारता तिला आत नेलं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी तुळशीपाशी दिवा लावून आत आले तर आईने पुढचं दार लावून आडणा घातला होता. आमच्याकडे दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी यायची वेळ ती. आत्याने दार उघडलं. आईने उठून पुन्हा लावलं. हे पुढे रोजचं झालं. आत्या घरात नसली की दार बंद, असली की आई माजघरात तोंड फिरवून बसायची, अंधार पडेपर्यंत. अंधार पडला की मग ती पहिल्यासारखी व्हायची, भाकऱ्या थापायची, भावाला रागवायची.

काय झालं ते तिने मला एकदम सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात आम्ही दोघी पडवीत झावळ्या विणत बसायचो तेव्हा थोडं थोडं सांगायची आणि मधेच थांबायची.

घर आबा सांगत होते तसंच होतं, ती म्हणाली. जाड भिंती, लाल कौलं, उशाशी समुद्र. पण भिंतींवर चौकोन होते. जिथे त्या लोकांच्या तसबिरी टांगलेल्या होत्या तिथे चुना उजळ राहिला होता. आबांनी वरून चुना मारला, पुन्हा मारला, तरी चौकोन वर यायचेच. चूल उभ्याने रांधायची, छातीइतकी उंच. आईला ती जमेना म्हणून तिने मागच्या अंगणात तीन दगड मांडले. कपाट उघडलं की आतून कुणाच्या तरी कपड्यांचा वास यायचा.

"मला तिथं सारखं वाटायचं," आई म्हणाली, "की मी कुणाकडे तरी पाहुणी आलेय. घरची माणसं जरा बाहेर गेलीत. आता येतील."

मग एक दिवस ती बाई आली. जर्मनांना परत यायची मुभा मिळाली होती, त्यांच्यातले थोडे परत आले होते. करड्या रंगाचा झगा, गवताची टोपी हातात, आत्याच्या वयाची. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला ती फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. फाटकाला हात लावला नाही, हाक मारली नाही. दिवसाचा उजेड गेला तशी निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की आधीची मालकीण असेल, कागद आपल्या नावावर आहे, तिच्याकडे बघू नकोस, येईनाशी होईल. ती रोज येत राहिली. आईला वाटायचं तिला आत बोलवावं, पण बोलवायचं कुठल्या भाषेत? एकदा आई तिच्याकडे बघून हसली. पण ती आईकडे बघतच नव्हती. व्हरांड्याच्या डाव्या अंगाला एक खिडकी होती, तिच्याकडे तिची नजर असायची. आत काय असायचं तिचं, कोण निजायचं तिथे, ते आईला कधीच कळलं नाही. आता तिथे आई आणि माझा भाऊ निजत होते.

मग आईने ती खिडकी दिवेलागणीला लावून घ्यायला सुरुवात केली. एका संध्याकाळी ती लावताना बाईने हात वर केला. नको म्हणत होती, की नुसता डोळ्यांवर आलेला केस बाजूला करत होती, आईला सांगता येईना. आईने खिडकी लावली.

त्यानंतर बाई आली नाही. समोर एक गुजराती दुकानदार होता, त्याच्या बायकोने काही दिवसांनी सांगितलं की ती मिशनच्या आवारात एका खोलीत राहायची, ताप आला आणि गेली.

"मग दिसायला लागली," आई म्हणाली.

"दिसायला लागली म्हणजे?"

"म्हणजे दिसायची. तू आता दिसतेस तशी. त्याच जागी, त्याच वेळेला."

मी हातातली झावळी खाली ठेवली. आईने माझ्याकडे बघितलं, बहुधा मला भीती वाटली का ते बघत होती. मला वाटली होती. पण आई इतक्या साध्या आवाजात सांगत होती, बाजारात कोण भेटलं ते सांगावं तसं, की मला तसं दाखवता येईना.

आईने त्या खोलीत निजायचं सोडलं. आधी व्हरांड्यात, मग मागच्या अंगणात. एवढं मोठं घर घेतलं आणि आम्ही चुलीपाशी राहत होतो, ती म्हणाली. शेवटी तिचं जेवण तुटलं, भावाला ताप यायला लागला, तेव्हा आबांनी दोघांना बोटीत बसवून दिलं. आबांना काही दिसलं नव्हतं. दिवसभर एकटी राहून मनावर परिणाम झालाय, गावाला गेली की बरी होईल, असं ते म्हणाले. बोट सुटताना आईला वाटलं होतं की ती बाई त्या घरापाशी राहील. ती समुद्र ओलांडेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

हे मी आत्याला कधी सांगितलं नाही. पण तिला कुठून तरी कळलं असावं, कारण त्या पावसाळ्यानंतर तिने दारावरून वाद घालायचं सोडलं.

आबा तिकडेच राहिले. बंदर पुन्हा जोरात चालेल असं ते धरून बसले होते. काही वर्षं बरी गेली. मग जगभरच मंदी आली. आमच्याकडे ती मुंबईहून परत येणाऱ्या माणसांच्या रूपाने आली. गिरण्यांतून कमी केलेले लोक बोटीने उतरायचे आणि दिवसभर पारावर बसायचे. दारेसलामला गोदीचं काम बंद पडलं. आबांनी घर विकायला काढलं, तर आता घेणारं कुणीच नव्हतं. रस्त्यातली दुसरीही घरं बंद झाली होती. आबांनी कुलूप घातलं, किल्ली समोरच्या दुकानदाराकडे दिली आणि हत्यारांची पेटी घेऊन परत आले. माझं लग्न ठरायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

ते बोलेनासे झाले होते. सकाळी वाडीत कुणाचं दार, कुणाची होडी दुरुस्त करायचे, दुपारी पडवीत आडवे व्हायचे आणि ऊन उतरलं की बाहेर पडायचे. देवळात जात असतील असं आम्ही धरून चाललो होतो. आई त्या वेळेला दार लावून घ्यायची आणि ते अंधारात परत आले की काढायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग एके दिवशी दुपारी आगर घेतलेल्या जॉबरची सून आमच्याकडे आली. नवरा आणि सासरा मुंबईला, आगर तीच बघायची. लहानखुरी, कामसू बाई. पाणी प्यायली, माझ्या भावाची चौकशी केली, आत्या मागल्या दारी गेलेली बघितली आणि मग हळू आवाजात आईला म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. तुमचे हे रोज तिन्हीसांजेला आमच्या बेड्याशी येऊन उभे राहतात."

आईने विचारलं, "काय म्हणतात?"

"काहीच नाही. आत येत नाहीत, हाक मारत नाहीत. बावीकडे बघत राहतात. मी पाणी लावत असते आणि माझे हातच चालत नाहीत. सासूबाई म्हणतात, तू बघू नकोस, बेड्यावर झावळ्यांचा झाप बांधून टाक, म्हणजे दिसायचे नाहीत. बांधू का? तुम्हांला विचारल्याशिवाय मला बांधवेना."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही हात भुईवर टेकले, उठायचं असल्यासारखे, पण उठली नाही. मला वाटलं तिला घेरी आली.

"बांधू नकोस," ती म्हणाली. "अगो, बांधू नकोस. त्यांना आत बोलव. तुला त्यांची भाषा येते."

त्या संध्याकाळी आईने दार उघडं टाकलं आणि मला बरोबर घेऊन खाली उतरली. इतक्या वर्षांत ती त्या वेळेला घराबाहेर पडलेली मी पाहिली नव्हती. माडांच्या सावल्या लांब होऊन गडग्यावर चढल्या होत्या. आबा बेड्याशी उभे होते. आमच्याकडे पाठ, एक पाय थोडा पुढे, टोपी हातात. आई माझा दंड धरून मधेच थांबली. तिची बोटं माझ्या हाडापर्यंत रुतली.

"अशीच उभी राहायची," ती म्हणाली.

आतून ती सून आली. तिने हातातली कळशी खाली ठेवली, बेड्याचे बांबू एकेक करून सरकवले आणि बाजूला झाली. "या ना, दादा," ती म्हणाली. आबा हलले नाहीत. वाट मोकळी होती आणि ते तसेच उभे होते, इतका वेळ, की मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. मग ते घसा खाकरून म्हणाले, "रहाटाचा कणा झिजलाय. वर घरापर्यंत ऐकू येतो. उद्या हत्यारं घेऊन येतो." आणि वळले. आम्हांला तिथे बघून ते दचकले नाहीत. आईच्या जवळून जाताना क्षणभर थांबले आणि तिच्याबरोबर वर चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. रहाट दुरुस्त झाला, मग बेड्याचे खांब बदलले, मग आळी करायला, पाट काढायला ते जातच राहिले. वाडीतले लोक म्हणायचे, स्वतःच्या आगरात गडी झाला. आत्याला ते फार लागलं. ती त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही. आबांना मात्र लाज वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. अंगाला ओल्या मातीचा वास घेऊन ते परत यायचे आणि जेवून झोपायचे.

आईने दार लावायचं सोडलं. पण दिवेलागणीला ती दाराकडे पाठ करून बसायची, ते सुटलं नाही.

दारेसलामच्या घराची बातमी एकदाच आली, तिकडून परतलेल्या एका माणसाकडून. दुकानदार दुकान विकून गेला होता, किल्ली कुणाकडे ते ठाऊक नव्हतं, कौलं खचली होती आणि आत कुणी तरी राहत होतं. आबांनी ऐकून घेतलं. व्हरांड्यात पाणी येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. त्या माणसाला ते सांगता आलं नाही.

माझं लग्न होऊन मी मालगुंडला गेले. तिथे असताना एका श्रावणात आबा गेल्याचा निरोप आला. सकाळी आगरात गेले होते, बावीच्या काठाला जरा टेकले आणि तिथेच कलंडले. मी दिवसांना माहेरी आले. तेरावा झाल्यावर संध्याकाळी ती सून आगरातले नारळ घेऊन आली आणि पडवीत ठेवून आईजवळ बसली. मी दिवा घेऊन तुळशीकडे निघाले होते, तेव्हा आईने तिला विचारलं, "दिसतात का गो?"

तिने कोण ते विचारलं नाही. "नाही, वहिनी," ती म्हणाली. "मी बघते. पाणी लावताना मुद्दाम बघते. नाही दिसत."

"बेड्याशीसुद्धा?"

"बेड्याशी नाही. बावीपाशीही नाही."

मला वाटलं आईला बरं वाटेल. तिने मान हलवली. मग अगदी सहज, शेजारणीला घरातलं दुखणं सांगावं तसं म्हणाली, "मला ती बाई अजून दिसते."

ती सून हसली नाही. बाहेर उजेड जात होता. दार उघडं होतं. ती आईच्या आणखी जवळ सरकली आणि दाराकडे तोंड करून बसली.